मोरारजी देसाई : कायद्याचा लगाम कोणाला?

राजकीय पुढाऱ्यांच्या बाबतीत जनतेची स्मरणशक्ती मोठी काटकसरी असते. साठ-सत्तर वर्षांच्या सार्वजनिक आयुष्यातील एखादाच प्रसंग ती जपून ठेवते आणि उरलेले सारे विसरून जाते. मोरारजी देसाई यांच्या वाट्याला महाराष्ट्रात असेच आले. त्यांचे नाव निघताच मराठी माणसाला नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधला गोळीबार आठवतो. हे स्मरण अन्याय्य नाही. परंतु ते अपुरे आहे. ज्या गृहस्थाने मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबाराचे समर्थन केले आणि चौकशीस नकार दिला, त्याच गृहस्थाच्या मंत्रिमंडळाने पुढे बावीस वर्षांनी राज्यघटनेत अशी दुरुस्ती केली की, तिच्यामुळे पुन्हा आणीबाणी लादणे कोणत्याही पंतप्रधानास अत्यंत कठीण होऊन बसले. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून कशा घडल्या, हा प्रश्न केवळ चरित्रकाराचा नाही. कायद्याचे बळ कोणाविरुद्ध वापरावे, हा आजही जिवंत असलेला प्रश्न त्यात दडलेला आहे.

या प्रश्नाकडे दिल्लीतून पाहण्यापेक्षा विठ्ठलवाडीतून पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघाले की लागणारे हे पहिलेच स्थानक. त्याच्या आसपास दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पलीकडे अंबरनाथला संरक्षण खात्याचा दारूगोळ्याचा कारखाना, त्याही पलीकडे बदलापूरची भातशेती. मुंबईच्या कचेऱ्यांत खर्डेघाशी करणारा कारकून, शाळामास्तर, कारखान्यातला कामगार, फळ्यांच्या दुकानात नवा संसार मांडणारा सिंधी व्यापारी आणि कसेल त्याच्या जमिनीची वाट पाहणारे कूळ, असे सारे या दहा-पंधरा मैलांच्या पट्ट्यात एकत्र नांदत होते. मोरारजीभाईंच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या निर्णयाचा फटका किंवा फायदा यांतील कोणाला ना कोणाला झाला आहे.

नोकरशहाची घडण

मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ रोजी वलसाडजवळच्या भदेली गावी झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९१८ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दाखल झाले आणि बारा वर्षे त्यांनी डेप्युटी कलेक्टर म्हणून काम केले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्यांच्या पुढील साऱ्या राजकारणावर या दोन घडणींचा ठसा आहे. गांधीजींपासून त्यांनी आत्मसंयम घेतला. सरकारी सेवेतून शिस्त आणि हुकमाची निष्ठा घेतली. गांधीजींच्या ठिकाणी आत्मसंयमाबरोबर जी करुणा होती, ती मात्र त्यांच्या कारभारात क्वचितच दिसली. स्वतःला जे साधले ते इतरांना कायद्याने साधायला लावता येईल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले. १९४६ नंतर त्यांच्याकडे गृह आणि महसूल ही दोन्ही खाती आली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते अवघ्या १९ मतांनी पराभूत झाले. तरीही पक्षाने त्यांनाच मुख्यमंत्री केले आणि पोटनिवडणुकीने ते विधानसभेत आले. कार्यक्षम आणि कठोर प्रशासक असा त्यांचा लौकिक तोवर झालेला होता.

गोळीबार आणि नाकारलेली चौकशी

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये आला आणि त्यानंतर मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याची त्रिराज्य योजना पुढे आली. या योजनेचा अर्थ विठ्ठलवाडीच्या चाकरमान्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोणाला उमगला असेल. त्याचे बिऱ्हाड महाराष्ट्रात राहणार होते आणि त्याची कचेरी मात्र परक्या राज्यात जाणार होती. रोज सकाळी गाडीत बसून तो ज्या शहरासाठी राबत होता, त्या शहराच्या कारभारात त्याच्या भाषेला आणि मताला स्थान उरणार नव्हते. संयुक्त महाराष्ट्राची मागणी भावनेची होती, असे तिचे विरोधक म्हणत. परंतु तिच्या मुळाशी भाकरीचा आणि मानाचा असा रोकडा हिशेब होता.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि १५ माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतरच्या आठवड्यात शहरभर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. महाराष्ट्र ज्या १०५ हुतात्म्यांचे स्मरण करतो, त्यांतील बहुतेकांचे बळी त्या दिवसांतले आहेत. योजना दिल्लीची होती, हे खरे. परंतु पोलीस मुख्यमंत्र्यांचे होते. न्यायालयीन चौकशीची मागणी झाली तेव्हा मोरारजीभाईंनी ती साफ नाकारली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, त्यातील एक प्रमुख तक्रार ही चौकशी न झाल्याची होती.

मोरारजीभाई मराठीद्वेष्टे होते म्हणून हे घडले, असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिती त्याहून वेगळी आणि एका अर्थाने अधिक गंभीर आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये द्वैभाषिकाविरुद्ध अहमदाबादेत विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा तेथेही गोळीबार झाला आणि गुजराती तरुण मेले. मुख्यमंत्री मोरारजीभाईच होते. लोकांना शांत करण्यासाठी त्यांनी तेथे उपोषण केले, तर खुद्द त्यांच्या गुजरातेने त्यांच्याकडे पाठ फिरवली. म्हणजे दोष भाषेच्या द्वेषापुरता नव्हता. सरकार चुकू शकते आणि चुकल्यास त्याने जनतेला जाब दिला पाहिजे, हे तत्त्वच त्या काळी त्यांना मान्य नव्हते. कायदा हा प्रजेने पाळावयाचा असतो, शासनाने केवळ अंमलात आणावयाचा असतो, ही जुन्या डेप्युटी कलेक्टरची दृष्टी त्यांनी मुख्यमंत्रिपदी आणली होती.

सवयींवर कायदा

हीच दृष्टी त्यांच्या दारूबंदीत दिसते. १९४९ च्या कायद्यानंतर ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. हेतू उदात्त होता. दारूने उद्ध्वस्त झालेली कामगारांची घरे त्या हेतूला साक्ष होती. परंतु परिणाम वेगळा झाला. खाडीच्या कडेला, झाडीत, वस्त्यांच्या मागे हातभट्ट्या पेटल्या. पोलिसांचे हप्ते सुरू झाले. मुंबई-ठाण्याच्या गुन्हेगारीला भांडवल मिळाले. पिणारा प्यायचा राहिला नाही आणि सरकारचा महसूल तेवढा गेला. पुढे महाराष्ट्राने ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली. परवान्याचा नियम आजही कागदावर आहे, पण त्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही.

सुवर्णनियंत्रणाची कथा याहून करुण आहे. १९५८ पासून मोरारजीभाई केंद्रात अर्थमंत्री होते. चीनच्या आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, त्यांनी १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी केली. सोन्याचा हव्यास सुटावा, चोरट्या आयातीला आळा बसावा, असा हेतू. परंतु मंगळसूत्र चौदा कॅरटचे करावे हे कोणत्याही आईबापाला पटणारे नव्हते. बंदीची किंमत मोजली ती भट्टीपुढे बसणाऱ्या सोनाराने. पिढीजात कसब एका रात्रीत निरुपयोगी झाले आणि देशभरातून कारागिरांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. चोरटे सोने मात्र मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतच राहिले. किंबहुना तस्करांचे साम्राज्य याच काळात फोफावले. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली आणि सुवर्णनियंत्रणाचा कायदाही १९९० मध्ये रद्द झाला.

तथापि, त्यांचे सर्वच कायदे असे वाया गेले नाहीत. १९४८ चा कूळकायदा ते महसूलमंत्री असताना झाला. त्यात १९५६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्या कुळांना मालकीचा मार्ग मोकळा झाला. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, पुष्कळ कुळे आधीच हुसकली गेली, हे मान्य केले तरी उल्हास नदीच्या खोऱ्यातील कित्येक आगरी-कुणबी कुटुंबांच्या नावावर सातबारा चढला तो याच कायद्याने. ज्यांना पुराणमतवादी म्हणून हिणवले गेले, त्यांच्या काळात सावकार-खोतांच्या मुळावर येणारा कायदा झाला, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी सहसा सांगितली नाही. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, तो दुबळ्याच्या सवयी बदलू पाहत नव्हता. तो बलवानाचा हात धरीत होता.

तुरुंगातून पंतप्रधानपदाकडे

१९६३ मध्ये कामराज योजनेखाली मोरारजीभाईंनी मंत्रिपद सोडले. १९६४ मध्ये पंतप्रधानपद त्यांना हुलकावणी देऊन गेले. १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव केला. १९६७ मध्ये ते उपपंतप्रधान आणि पुन्हा अर्थमंत्री झाले. परंतु जुलै १९६९ मध्ये त्यांचे अर्थखाते काढून घेण्यात आले आणि तीनच दिवसांनी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ‘पुरोगामी’ आणि ‘प्रतिगामी’ हे शब्द त्या काळी तलवारीसारखे वापरले जात होते. मोरारजीभाईंच्या कपाळी दुसरा शब्द कायमचा कोरला गेला.

मग २५ जून १९७५ ची रात्र आली. ऐंशीच्या घरातील या वृद्धाला अटक झाली आणि जवळजवळ एकोणीस महिने स्थानबद्धतेत काढावे लागले. चौकशीविना सत्ता वापरण्याचा अधिकार शासनाला असतो, असे मानणारा माणूस आता स्वतः त्या सत्तेखाली होता. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, आणीबाणीत स्थानबद्धाला जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणूनच ते कायदा झाले नाही. अनेक राज्यांत शिक्षकांवर आणि कारकुनांवर नसबंदीची ‘केसेस’ आणण्याचे लक्ष्य लादले गेले होते. लगाम नसलेले शासन घराच्या कोणत्या खोलीपर्यंत पोहोचू शकते, हे नोकरदार वर्गाला त्या वेळी कळले.

मार्च १९७७ च्या निवडणुकीने चमत्कार केला. ज्या मुंबईने एकेकाळी मोरारजींच्या नावाने शंख केला होता, तिने सहाही जागांवर काँग्रेसचा पराभव केला. ठाण्यातून जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी निवडून आले. संयुक्त महाराष्ट्र समितीचे अग्रणी एस. एम. जोशी हे महाराष्ट्रात जनता पक्षाचे अध्यक्ष होते. नानासाहेब गोरे यांनी मोरारजी सरकारचे लंडनमधील उच्चायुक्तपद स्वीकारले. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. गोळीबाराविरुद्ध लढलेल्या माणसांनी गोळीबाराच्या वेळच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणून मान्य केले. ही विसराळूपणाची खूण नव्हती. हुकूमशाहीचा धोका जुन्या जखमेहून मोठा आहे, हे ओळखण्याची ती प्रगल्भता होती.

सत्तेला लगाम

२४ मार्च १९७७ ते २८ जुलै १९७९ एवढाच काळ मोरारजीभाई पंतप्रधान होते. या काळातील कामगिरी नोकरदारांना रोजच्या जीवनात जाणवली. आणीबाणीत कमी केलेला किमान बोनस पुन्हा ८.३३ टक्क्यांवर आला. १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्यांना दंडवते यांनी कामावर परत घेतले. लांब पल्ल्याच्या दुसऱ्या वर्गातील लाकडी बाकांवर गाद्या आल्या. जानेवारी १९७८ मध्ये १,०००, ५,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. परंतु त्या एकूण चलनाचा अत्यल्प भाग असल्याने सामान्य माणसाच्या खिशाला धक्का लागला नाही. २०१६ मध्ये चलनाचा सुमारे ८६ टक्के भाग रद्द झाला तेव्हा बँकांपुढे लागलेल्या रांगांची तुलना येथे सहजच मनात येते.

परंतु या सरकारचे खरे कार्य घटनादुरुस्तीचे आहे. मिसा रद्द झाला. बेचाळिसाव्या दुरुस्तीने सहा वर्षांची केलेली लोकसभेची मुदत चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने पुन्हा पाच वर्षांवर आणली. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे मोघम कारण काढून ‘सशस्त्र बंड’ हे काटेकोर कारण घातले. १९७५ मध्ये मंत्रिमंडळाला जाहीरनाम्याची वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळी कळली होती. आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्यावाचून राष्ट्रपतींना जाहीरनामा काढता येत नाही. संसदेची संमती एका महिन्यात आणि विशेष बहुमताने घ्यावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब करता येत नाही. याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला. ‘भांडवलदारांचा हस्तक’ म्हणून ज्यांना हिणवले गेले, त्यांच्याच कारकिर्दीत हे घडले.

राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत होते. काही कलमे तेथे नामंजूर झाली, ती सोडून देऊन उरलेली पदरात पाडून घेतली गेली. हट्टीपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या पंतप्रधानांच्या सरकारने येथे तडजोड केली आणि म्हणूनच हे काम तडीस गेले. तरीही एक धागा अपुरा राहिला. प्रतिबंधक स्थानबद्धतेवर मर्यादा घालणारे त्या दुरुस्तीतील कलम संसदेने संमत केले. परंतु ते अंमलात आणणारी अधिसूचना त्या सरकारने काढली नाही आणि चार दशकांहून अधिक काळात नंतरच्याही कोणत्या सरकारने काढली नाही. लगाम दुसऱ्याला घालणे प्रत्येक पक्षाला आवडते, स्वतःच्या तोंडात घेणे कोणालाच आवडत नाही.

स्वतः जनता सरकारही या दोषातून मुक्त नव्हते. सत्तेवर येताच त्याने काँग्रेसची नऊ राज्य सरकारे घालवून विधानसभा विसर्जित केल्या. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्याच न्यायाने नऊ विधानसभा विसर्जित केल्या आणि त्यांत महाराष्ट्राची होती. आपण पाडलेला पायंडा आपल्यावर उलटतो, हा धडा मोरारजीभाईंना दुसऱ्यांदा मिळाला.

पतन

सरकार पडले ते पक्षांतर्गत कलहाने. चरणसिंग आणि राजनारायण यांच्या महत्त्वाकांक्षा, दुहेरी सदस्यत्वाचा वाद, पुत्रावर झालेले आरोप, ही सारी कारणे खरी. परंतु पाच पक्षांची मोट बांधायला जो लवचिकपणा लागतो, तो मोरारजीभाईंजवळ नव्हता. चौकशीची मागणी त्यांना १९५६ प्रमाणेच १९७८ मध्येही अपमानास्पद वाटली. जुलै १९७९ मध्ये त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव मांडला तो यशवंतराव चव्हाणांनी. १९५६ मध्ये द्वैभाषिकाच्या मुख्यमंत्रिपदासाठी याच यशवंतरावांच्या पाठीशी मोरारजीभाई उभे राहिले होते. जॉर्ज फर्नांडिस यांनी लोकसभेत सरकारचा तडफदार बचाव केला आणि दोन-तीन दिवसांतच सरकार सोडले. १५ जुलैला राजीनामा दिल्यावरही मोरारजीभाईंनी संसदीय पक्षाचे नेतेपद वेळीच सोडले नाही. तसे केले असते, तर जगजीवनराम यांना कदाचित संधी मिळाली असती. माणूस तत्त्वासाठी ताठ राहतो की स्वतःसाठी, हे ओळखणे त्यांच्या बाबतीत शेवटपर्यंत अवघड राहिले. १९९१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १० एप्रिल १९९५ रोजी ते निवर्तले, तेही मुंबईतच.

निवाडा

या दीर्घ कारकिर्दीचा ताळेबंद मांडला तर एक सूत्र स्पष्ट दिसते. नागरिकाच्या पेल्याला, दागिन्याला, सवयीला लगाम घालणारे त्यांचे कायदे काळाने मोडीत काढले. जमीनदाराला आणि शासनाला लगाम घालणारे कायदे टिकले. स्वभाव तोच, निष्ठाही तीच. फरक पडला तो कायद्याची दोरी कोणाच्या गळ्यात बांधली यावरून. प्रजेला सद्गुणी बनविण्याचे काम शासनाचे नव्हे. बलवानाला मर्यादेत ठेवण्याचे काम मात्र शासनावाचून दुसरे कोणी करू शकत नाही. कोणत्याही पक्षाचा कठोर, चारित्र्यवान आणि आत्मविश्वासू नेता जेव्हा राष्ट्राला शिस्त लावण्याची भाषा बोलू लागतो, तेव्हा ही शिस्त आधी सरकारला लागणार की नागरिकाला, हा प्रश्न त्याला विचारला पाहिजे.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने हुतात्मा चौकातील रक्त धुऊन निघत नाही. मोरारजीभाईंनी त्या चौकशीचा नकार कधी मागे घेतला नाही, म्हणून महाराष्ट्रानेही ते नाव खातेवहीतून खोडण्याचे कारण नाही. परंतु खातेवहीला दोन बाजू असतात. आज विठ्ठलवाडीचा एखादा शिक्षक किंवा कारकून सरकारविरुद्ध मोर्चात चालतो, तेव्हा त्याला पकडणाऱ्या शासनाला न्यायालयापुढे कारण द्यावे लागते आणि आणीबाणीचे निमित्त सांगूनही हे दार बंद करता येत नाही. मुंबईच्या मोर्चेकऱ्यांना मोरारजीभाईंनी जे नाकारले, ते पुढच्या मोर्चेकऱ्यांसाठी घटनेत लिहून ठेवण्याचे काम त्यांच्याच सरकारने केले. पहिल्या गोष्टीसाठी त्यांना क्षमा करण्याची गरज नाही; दुसऱ्या गोष्टीचे रक्षण करण्याची गरज मात्र आहे, आणि ते काम आता मोरारजीभाईंचे नसून प्रत्येक नागरिकाचे आहे.